मातृभाषेचा रकाना

(व्याख्यानाचा लिखित पाठ)



सीमाभागातील मराठी या विषयावर बोलायला मला बोलावले, तेव्हा संयोजकांच्या मनात माझी शिक्षकी असणार. तीस वर्षे मी मराठी शिकवली, तीही अशा गावांत की जिथे वर्गातली अर्धी मुले घरी कन्नड बोलतात आणि उरलेल्या अर्ध्यांना आपण नेमके काय बोलतो हे सांगता येत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, माझ्यापेक्षा चांगले बोलणारे आहेत. मी आज दुसरे काही सांगणार आहे. वयाच्या पाचव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मी दोन बालगृहांत राहिले. पहिले निपाणीत, दुसरे बेळगावात. तिथे आम्ही कोणती भाषा बोलत होतो, ती कोणी ठरवली आणि कागदावर काय लागले, एवढाच माझा विषय आहे. दोन्ही संस्थांची नावे घेत नाही. त्या चालवणारी माणसे आता हयात नाहीत, आणि मी जे सांगणार आहे त्याला उत्तर द्यायला ती येऊ शकत नाहीत.

आधी एक फरक स्पष्ट करते, कारण आपल्याकडे तो पुसला जातो. कोल्हापूरच्या परिसरात वसतिगृहांची परंपरा मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे केले, पुढे एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली, आणि त्यांतून शिकून बाहेर पडलेल्यांनी मराठीत आठवणीही भरपूर लिहिल्या. त्या मी आवडीने वाचते. पण बोर्डिंगातल्या मुलाला दिवाळीला गाव असते. त्याची आई त्याला पत्र लिहिते, किंवा कुणाकडून लिहवून घेते. तो बोर्डिंगात कोणतीही भाषा बोलो, त्याची स्वतःची अशी एक भाषा सुट्टीत त्याची वाट बघत असते. बालगृहातल्या मुलाला सुट्टी असते, गाव नसते. आम्ही दिवाळीतही तिथेच असायचो आणि तिथलेच बोलायचो. आमच्या तोंडी मात्र 'बालगृह' हा शब्द कधी नव्हता. आम्ही 'आश्रम' म्हणायचो. गावातले लोक 'अनाथाश्रम' म्हणायचे आणि शाळेतली पोरे 'रिमांड' म्हणायची. रिमांड होम म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही. शिवी आहे, एवढे दोघांना कळत होते.

आता आकड्यांच्या आणि रकान्यांच्या जगाकडे येऊ. आपल्या देशात मातृभाषा म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या जनगणनेच्या सूचनांत सापडते. लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती त्याची मातृभाषा. आई मूल तान्हे असतानाच वारली असेल, तर बालपणी घरात मुख्यतः जी भाषा बोलली जात होती ती. व्याख्या शहाणपणाची आहे. तिने आईवेगळ्या मुलाचाही विचार केला आहे. पण तिने घर गृहीत धरले आहे. याच जनगणनेत 'संस्थात्मक कुटुंब' नावाचा एक प्रकार असतो. वसतिगृहे, तुरुंग, आश्रम, अनाथालये, म्हणजे जिथे एकमेकांचे कोणी नसलेली माणसे एका स्वयंपाकघरातले जेवतात ती सगळी त्यात मोडतात. मी अशा कुटुंबातली आहे. त्या कुटुंबात मुख्यतः कोणती भाषा बोलली जात होती, हे मला आज तुमच्यापुढे सांगायचे आहे, कारण १९७१ साली ते विचारले गेले तेव्हा उत्तर आमच्यापैकी कोणी दिले नव्हते.

निपाणीचे दिवस मला वासाने आठवतात. ज्यांनी निपाणी जुन्या काळी पाहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. तंबाखूच्या वखारी गावात जागोजागी होत्या, हंगामात हवेतच तंबाखू असे, आणि परगावचा माणूस एसटीतून उतरला की पहिली शिंक देत असे. आम्हाला शिंका येत नसत. माझी आई वखारीत कामाला होती. तंबाखू चाळणे, काड्या वेगळ्या करणे हे बायकांचे काम. त्या घरी परतत तेव्हा लुगड्याचा मूळ रंग कोणता हे सांगता येत नसे. ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बापाचा पत्ता नव्हता. वखारीतल्या दोन बायकांनी मला हाताला धरून आश्रमात आणून सोडले.

आईची एकच गोष्ट माझ्या कानात राहिली आहे. ती दोन्ही हात पुढे करून "बा, बा" म्हणते आहे आणि मी तिच्याकडे धावते आहे. एवढेच. आता तुम्ही भाषेचे अभ्यासक आहात. कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये. निपाणीकडच्या मराठीत लेकीला 'बाय' म्हणतात, आणि लाडात शेवटचा 'य' गिळला की 'बा'च उरतो. शिवाय 'नको बा', 'चल बा' हा नुसता लकबीचा 'बा' वेगळाच. माझी आई मला कन्नडमध्ये बोलावत होती की मराठीत लाडाने हाक मारत होती? त्या दोन बायकांपैकी एक मला पुढे भेटली. तिने सांगितले की आई हुक्केरीच्या बाजूच्या खेड्यातून आली होती. म्हणजे कन्नड असावी. पण वखारीत सगळ्या बायका बोलत तेच ती बोलायची, असेही तीच म्हणाली. मी पुढे ऐतिहासिक भाषाशास्त्राची पुस्तके वाचली, द्राविडी संपर्कावरचे लेख वाचले. माझ्या एका अक्षराचा निकाल त्यांतून लागला नाही.

निपाणीच्या आश्रमात आम्ही चाळीसेक मुली होतो. वखारीतल्या आणि विडी कामगार बायकांच्या मुली होत्या. यल्लम्माला सोडलेल्या बायकांच्या मुली होत्या. त्यांच्याबद्दल मोठी माणसे आवाज खाली करून बोलत. बसस्टँडवर सापडलेल्या होत्या. एक राजस्थानाकडची असावी, ती आली तेव्हा काहीच बोलत नव्हती. मावशी म्हणजे स्वयंपाकीण मराठी बोलायच्या. रात्रीचे राखणदार मामा मुसलमान होते आणि दखनीत बोलायचे. त्यांचे 'नक्को' आणि आमचे 'नको' एकच, म्हणून आम्हाला दखनी वेगळी भाषा वाटलीच नाही. मामा जरा जोर देऊन बोलतात, असे वाटे. मोठ्या मुलींना आम्ही 'अक्का' म्हणायचो. हा शब्द मराठीने कन्नडमधून घेतला, असे पुढे शिकले. आमच्याकडे तो घेतलेला नव्हता, तिथलाच होता.

या सगळ्यांतून एक बोली तयार झाली होती. ती मी नमुन्यादाखल सांगते, कारण कुठल्याही सर्वेक्षणात ती तुम्हाला मिळणार नाही. बघून ये म्हणायचे तर 'नोडून ये'. धातू कन्नड, प्रत्यय मराठी, आणि क्रियापद पुन्हा मराठी. जेवणाची घंटा म्हणजे 'ऊटघंटा'. गप्प बस म्हणायचे तर 'सुम्नीर बस', म्हणजे गप्प राहा आणि वर बस. 'मला बेड' म्हणजे नको, पण हे फक्त जेवणाबाबत. खेळात घ्यायचे नसेल तर 'नको'. हा फरक आम्ही कधी चुकवत नसू. नवीन मुलगी आली आणि तिने जेवणाला 'नको' म्हटले, तर अक्का म्हणायची, "अगं, ते खेळातलं. ताटात बेड म्हण."

काही शब्द मात्र कोणत्याच भाषेतून आले नव्हते, ते आमच्या जगण्यातून आले होते. कुणाच्या तरी वडिलांच्या श्राद्धाला किंवा मुलाच्या वाढदिवसाला गावातले लोक आश्रमात जेवण देत. त्या दिवशीचा भात म्हणजे 'पाहुणेभात'. पाहुणेभाताला चव असे, कारण त्यात तूप असे. पण तो निम्मा थंड झाल्यावर मिळे, कारण आधी पाहुण्यांचे बोलणे व्हायचे. एरवी ज्वारीची भाकरी, आमटी आणि सकाळी केअरच्या पिठाचे पिवळे उप्पीट. ज्या मुलींच्या जन्माची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, त्यांची तारीख शाळेत घालताना १ जून लावत. सीमाभागातच नव्हे, सगळीकडेच तशी लावत. अशा मुलींना आम्ही 'जूनकर' म्हणायचो. बेळगावकडे आडनावे 'कर'वर संपतात, त्या चालीवर. निपाणीत आम्ही बावीस जूनकर होतो. मी त्यांतली एक आहे. शाळेतल्या हजेरीपटावर मला दुसरे आडनाव होते, ते वखारीतल्या त्या बाईने सांगितलेले. त्याची खात्री नाही. जूनकराची आहे.

आणि 'घर लागणे'. एखाद्या मुलीला दत्तक नेले, किंवा तिचा मामा उगवला आणि घेऊन गेला, किंवा मोठी झाल्यावर तिचे लग्न लागले, की आम्ही म्हणायचो, "तिला घर लागलं." नोकरी लागते तसे. घर ही मिळवायची गोष्ट नव्हती, शोधायचीही नव्हती. ते आपोआप लागायचे, नाहीतर लागायचे नाही.

मुलींच्या बोलण्यातली एक गोष्ट इथे सांगते. कोल्हापूर-बेळगावकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. आम्हीही तसेच बोलायचो. शाळेत पुण्याकडून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिले, 'मी आले', 'मी गेले', आणि वर्गातल्या सगळ्या मुलींना दहादा लिहायला लावले. घरच्या मुलींनी ते घरी जाऊन आईला सांगितले आणि आयांनी हसून सोडून दिले, म्हणून त्या पुन्हा 'आलो'वर आल्या. आमचे हसून सोडून देणारे कोणी नव्हते. आश्रमातल्या मुली तेवढ्या 'आले, गेले' म्हणायला लागल्या. गल्लीतून जाताना आम्ही बोललो की लोक ओळखायचे, या आश्रमातल्या. पोशाखाआधी व्याकरणाने ओळखायचे. प्रमाणभाषा ही प्रतिष्ठेची खूण असते असे आपण शिकवतो. आमच्या गल्लीत ती पोरकेपणाची खूण होती. आजही मी तुमच्यासमोर 'आले' म्हणते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

१९७१ च्या जनगणनेचा माणूस आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शाळेतलेच एक गुरुजी होते, त्यामुळे आम्ही भोवती जमलो. आश्रमाच्या बाई टेबलामागे बसून एकेकीचे नाव सांगत होत्या, गुरुजी लिहीत होते. मातृभाषा आली तेव्हा गुरुजींनी मान वर केली. बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं एकच लिहा की हो, किती वेळ लावणार?" आणि सगळ्यांचे मराठी लागले. राजस्थानाकडच्या मुलीचेही. ती तेव्हा मराठी बोलत होती, हे खरे आहे. बाईंनी काही वाईट हेतूने केले असे मला वाटत नाही. ऊन होते, चाळीस नावे होती. पण त्या वेळी निपाणीची माणसे किती मराठी, किती कन्नड, यावर दोन राज्यांचे भांडण चालले होते. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्रात घालावी आणि बेळगाव शहर तेव्हाच्या मैसूर राज्यात ठेवावे असे सुचवले होते, आणि दोन्ही बाजूंना टक्केवारीचे वेड लागले होते. त्या टक्केवारीत आमची चाळीस डोकी आहेत. ज्या आकड्यांवर सभा झाल्या, मोर्चे निघाले, त्यांत टेबलामागून घाईने सांगितलेली आम्ही आहोत. मला त्याचा कधी राग येतो, कधी हसू येते.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, निपाणीचा आश्रम मोठ्या मुलींना ठेवीनासा झाला आणि आम्हा अकरा जणींना बेळगावला हलवले. एसटीने गेलो. तवंदीचा घाट, मग संकेश्वर, हत्तरगी, काकती. दुकानांवरच्या पाट्या बदलत जात होत्या आणि मोठ्या अक्का त्या वाचायची शर्यत लावत होत्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. आश्रमातल्या ताटांवर आणि पेट्यांवर मात्र जुने नाव रंगवलेले होते, ते पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले.

बेळगावच्या संस्थेत पोचलो तेव्हा तिथले अधीक्षक दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारले, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलीस का. मी म्हणाले, "आत्रि." झाले, म्हणजे जेवण झाले. भुकेने पोटात कावळे ओरडत होते, पण मोठ्यांनी विचारले की झाले म्हणायचे, हे आमच्या अंगवळणी पडलेले. त्या एका उत्तरावर माझ्या नोंदीत मातृभाषा कन्नड लागली आणि मला जवळच्या कन्नड शाळेत घातले. माझ्याबरोबरच्या एका मुलीने त्याच प्रश्नाला "नाही जी" म्हटले, ती मराठी शाळेत गेली आणि तिला त्या दुपारी जेवणही मिळाले.

तीन वर्षे मी कन्नडमध्ये शिकले. इथे मी काही गाऱ्हाणे मांडते आहे असे समजू नका. मला ती भाषा अर्धी येतच होती आणि लिपी दोन महिन्यांत आली. कन्नडच्या बाईंनी मला बसवण्णांची वचने शिकवली, आणि माझे आजचे कन्नड वाचन त्यांच्यामुळे आहे. त्रास झाला तो गणिताचा. पाढे निपाणीत मराठीत पाठ झालेले. आजही मी सात आठे मराठीत म्हणते आणि उत्तर सांगताना थांबते, कारण तीन वर्षे ते मनात कन्नड करून सांगावे लागत होते. आठवीत गेल्यावर एका शिक्षिकेने अर्ज लिहून मला मराठी माध्यमात आणले. अर्जात त्यांनी काय कारण दिले ते मला ठाऊक नाही. नोंदवहीत 'कन्नड' खोडून वर 'मराठी' लिहिलेले मी पुढे पाहिले, शाईचा रंग वेगळा आहे.

बेळगावला देणगीदार दोन्ही भाषांचे होते. ते आत यायच्या आधी अधीक्षक व्हरांड्यातून चालत जात आणि हळू आवाजात सांगत, "इवत्तु मराठी," किंवा "इवत्तु कन्नड." इवत्तु म्हणजे आज. त्यावरून जेवणाआधी श्लोक म्हणायचा की वचन, हे आम्हाला कळायचे. आभाराचे भाषण दोन्ही भाषांत तयार असायचे आणि ते बहुतेक वेळा मी करायची, कारण माझे दोन्ही उच्चार चांगले होते. एकाच महिन्यात मी एका व्यापाऱ्याला मराठी लेक म्हणून आणि एका निवृत्त अधिकाऱ्याला कन्नड लेक म्हणून नमस्कार केला आहे. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते. मला वाटते ते खरे होते. १ नोव्हेंबर मात्र अवघड जायचा. गावात मराठी माणसे काळा दिन पाळत आणि कन्नड माणसे राज्योत्सव. मराठी दुकाने बंद, म्हणजे ठरलेले दूध आणि पाव येत नसे. शाळेत राज्योत्सवाची मिठाई मिळे. ती खायची की नाही, यावरून आमच्यात वर्षातून एकदा भांडण होई. मोठ्या अक्का ठरवत. बहुतेक वर्षी खायची असे ठरे.

रात्री दिवे गेल्यावर मात्र कोणी श्लोकात किंवा वचनात बोलत नसे. तेव्हा आमची निपाणीची बोली यायची, बेळगावच्या 'की' आणि 'तर'ची त्यात भर पडलेली. लहान मुलगी रडायला लागली की तिला थोपटताना आम्ही "अळबेड गं बाय, सुम्नीर" म्हणायचो. रडू नको, गप्प. तिला कोणती भाषा कळते हे आम्ही विचारत नसू. मला आज कोणी विचारले की माझी मातृभाषा कोणती, तर मी त्या हलक्या आवाजातल्या बोलण्याकडे बोट दाखवीन. आई मुलाशी जी बोलते ती मातृभाषा, अशी व्याख्या असेल, तर तिथे सात-आठ वर्षांच्या मुली चार वर्षांच्या मुलींच्या आया होत्या.

अठरा पूर्ण झाल्यावर मी निपाणीला परत आले आणि अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकले. हे महाविद्यालय निपाणीला लागूनच, पण कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. वर्गाला जाताना आम्ही रोज राज्य ओलांडायचो आणि दुपारी डबा खायला परत कर्नाटकात यायचो. तिथे मला महादेव मोरे यांची पुस्तके मिळाली. निपाणीत पिठाची गिरणी चालवणारा हा लेखक तिथल्या चालकांची, हमालांची, वखारवाल्या बायकांची भाषा जशीच्या तशी लिहीत होता. आम्ही जे बोलतो ते छापता येते, हे मला तेव्हा कळले. राजन गवसांची 'चौंडकं' १९८५ साली आली आणि आश्रमात ज्यांच्याबद्दल आवाज खाली करून बोलत, त्या बायकांचे जग मी पहिल्यांदा मराठीत वाचले.

ते निपाणीचे धामधुमीचे दिवस होते. तंबाखू कामगार बायकांची संघटना उभी राहिली होती. १९८१ साली शेतकऱ्यांचे तंबाखू आंदोलन झाले आणि एप्रिलमध्ये गोळीबारही झाला. त्या काळात 'युगांतर' या गटाने वखारीतल्या बायकांवर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. तो १९८२ चा आहे. मला पाहायला मिळाला तो फार उशिरा. त्यात त्या बायका वखारीत काम करताना दिसतात. मी तो तीनदा पाहिला, आणि दर वेळी शब्दांपेक्षा हेल ऐकत बसले. या बायका आईच्या नंतरच्या पिढीतल्या. पण वखार तीच.

आता कायद्याकडे वळते, कारण माझ्या बोलण्याचा उद्देश केवळ आठवणी नाही. संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले आहे. ती मातृभाषा कोणी ठरवायची? कर्नाटक सरकारच्या १९९४ च्या आदेशांवरून शाळांच्या माध्यमाचा जो खटला चालला, त्यात ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उत्तर दिले: मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे आईवडील किंवा पालक ठरवतील. सरकारने ठरवू नये, या अर्थाने हा निकाल मोलाचा आहे. पण बालगृहातल्या मुलाच्या बाबतीत निकाल वाचताना मी 'किंवा पालक' या शब्दांपाशी थांबते. तिथे पालक म्हणजे अधीक्षक. अधीक्षक म्हणजे "ऊटा आतेन?" विचारून उत्तर लिहून घेणारा माणूस, किंवा सगळ्यांचे एकच लिहा म्हणणाऱ्या बाई. ती माणसे दुष्ट असावी लागत नाहीत. त्यांना फक्त घाई असावी लागते, किंवा जवळची शाळा एकाच माध्यमाची असावी लागते.

कुणी म्हणेल, यात बिघडते काय? मूल कुठल्याही भाषेत शिकते. शिकते, हे मी स्वतः आहेच. पण सीमाभागात तो रकाना पुढे सगळीकडे जातो. माध्यम त्यावरून ठरते, नोकरीच्या अर्जात तो येतो, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजू तुम्हाला आपल्यात मोजतात किंवा मोजत नाहीत ते त्यावरून. माझ्याबरोबर बेळगावला आलेल्या अकरा जणींपैकी चौघींच्या शाळेच्या दाखल्यावर एक भाषा आणि आश्रमाच्या नोंदीत दुसरी आहे. त्यांतल्या एकीला मुलाच्या शाळाप्रवेशासाठी स्वतःची मातृभाषा सिद्ध करायला सांगितले होते. ती मला फोन करून म्हणाली, "काय सिद्ध करू सांग की गं, कुणाला साक्षीला नेऊ?" साक्षीला आम्ही दहा जणी होतो. आम्हाला कोणी बोलावले नाही.

माझे म्हणणे तीन वाक्यांत मावते. रकान्यात दोन भाषा लिहायची मुभा असावी. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की त्यालाच पुन्हा विचारावे आणि जुनी नोंद खोडून न टाकता तिच्याखाली नवी लिहावी. आणि अकादमी सीमाभागात बोलींचे सर्वेक्षण करील तेव्हा तिच्या माणसांनी पाटलाच्या वाड्यावर आणि देवळाच्या कट्ट्यावर बसून आजोबांना गाठले तसे वसतिगृहांत आणि बालगृहांतही जावे. संध्याकाळी सातनंतर जावे, अधीक्षकांच्या खोलीत बसू नये.

मी शिक्षिका झाल्यावर शब्द लिहून ठेवायला सुरुवात केली. वही ही आहे. जुन्या मैत्रिणींना विचारून, त्यांच्या उच्चाराप्रमाणे, १६० शब्द आणि वाक्ये लिहिली आहेत. काहींचे दोन उच्चार दिले आहेत, कारण दोघींचे जुळले नाहीत आणि दोघीही हट्टाला पेटल्या. 'जूनकर' आहे, 'पाहुणेभात' आहे. 'बा' मी त्यात घातलेला नाही, तो आश्रमाचा शब्द नव्हे. ही वही मी आज अकादमीच्या ग्रंथालयाला देत आहे. मागची वीस-बावीस पाने कोरी आहेत. निपाणी-बेळगावकडे ज्यांचे जाणे होईल, त्यांनी ती तिथल्या आत्ताच्या मुलींकडून भरून आणावीत.